वाचकाच्या खोडी

चार पुस्तकवेडी माणसं एकत्र बसली की बोलणं पुस्तकांवरून सुरू होतं, पण फार वेळ पुस्तकांपाशी थांबत नाही. 'सध्या काय वाचतोयस' यावरून गाडी लवकरच 'तू वाचतोस कसा' यावर येते. एकाला जेवताना पुस्तक लागतंच, त्याशिवाय घास उतरत नाही. दुसरीच्या उशाशी पाच पुस्तकं अर्धी उघडी पडलेली असतात. कुणी दर पावसाळ्यात तीच कादंबरी नव्यानं काढतं, तर कुणी शेवटचं पान पाहिल्याशिवाय पहिलं उघडतच नाही. मग आवाज जरा खाली येतो आणि कुणीतरी सांगतं, की ते सगळ्यांनी वाखाणलेलं अमुक पुस्तक माझ्याच्यानं पुरं झालं नाही. लगेच इतरांनाही आपापली अडलेली पुस्तकं आठवतात.

या गप्पा मला फार आवडतात, पण त्यांतला एक सूर खटकतो. वाचणारी माणसं आपल्या सवयी कबुलीजबाबासारख्या सांगतात. वाचण्याची एक योग्य रीत कुठंतरी ठरलेली आहे आणि आपण तिच्यात उणे पडतो, असं त्यांना वाटत असतं. एकट्यानं, मुकाट्यानं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, एकाच बैठकीच्या एकाग्रतेनं आणि शक्यतो भारदस्त पुस्तक वाचायचं, अशी ही रीत. प्रत्यक्षात वाचनाचं हे रूप माणसाच्या इतिहासात बऱ्याच उशिरा रूढ झालं, आणि डोळा, मेंदू, लिपी, छापखाना, वाचनालय यांतलं काहीच त्या एका रीतीला बांधलेलं नाही. ज्यांना आपण खोडी म्हणतो, त्यांतल्या बहुतेकींना चांगली कारणं आहेत.

आधी डोळ्याकडे पाहू. ओळ वाचताना आपली नजर डावीकडून उजवीकडे सरळ सरकत जाते, असं आपल्याला वाटतं. ती तशी सरकत नाही. पॅरिसमधले नेत्रतज्ज्ञ लुई एमिल जाव्हाल यांनी १८७०च्या दशकाच्या अखेरीस हे जगापुढे आणलं, की वाचताना डोळा उड्या मारतो. एका शब्दावर टेकतो, साधारण पाव सेकंद थांबतो, पुढं झेप घेतो आणि पुन्हा टेकतो. झेपेच्या काळात आपल्याला अक्षरं दिसत नाहीत. वाचणं होतं ते टेकण्याच्या क्षणांत. यांतल्या सगळ्या उड्या पुढंही जात नाहीत. इंग्रजी वाचणाऱ्या प्रौढांच्या नोंदींत दहा ते पंधरा टक्के उड्या मागं जाणाऱ्या आढळतात. वाक्य अवघड असलं, किंवा एखादा शब्द आधी वाटला त्यापेक्षा वेगळ्या अर्थानं आलेला असला, की हे मागं जाणं वाढतं. म्हणजे 'मला दोन-दोनदा ओळ वाचावी लागते' अशी तक्रार करणारा वाचक, जे प्रत्येक चांगल्या वाचकाचा डोळा त्याच्या नकळत करत असतो, तेच जाणीवपूर्वक करत असतो.

झटपट वाचन शिकवणारे वर्ग नेमकी हीच सवय मोडायला सांगतात. मागं जाऊ नका, मनात शब्द उच्चारू नका, नजर पानावरून खाली घसरवा, म्हणजे मिनिटाला हजार शब्द वाचाल, असं त्यांचं सांगणं असतं. वाचताना डोळा कसा चालतो यावर आयुष्यभर काम केलेले कीथ रेनर आणि त्यांचे सहकारी यांनी या दाव्यांचा सविस्तर आढावा घेतला आणि तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. वेग खूप वाढवला की समज घटते, हा व्यवहार टळत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. मनातला उच्चार दाबला तर अवघड मजकूर कळायला उलट जास्त त्रास होतो. सरावानं वेग थोडा वाढतो तो शब्दसंग्रह आणि विषयाची ओळख वाढल्यामुळं.

मग साधारण वेग असतो तरी किती? मार्क ब्रिसबार्ट या बेल्जियन मानसशास्त्रज्ञानं २०१९ मध्ये आधीच्या १९० अभ्यासांचे आकडे एकत्र केले. इंग्रजीत मनातल्या मनात वाचताना माहितीपर मजकुराला मिनिटाला २३८ शब्द आणि कथा-कादंबरीला २६० शब्द अशी सरासरी निघाली. मोठ्यानं वाचताना ती १८३ वर येते. हे आकडे मराठीला जसेच्या तसे लावू नयेत. आपल्याकडे विभक्ती आणि शब्दयोगी अव्यय शब्दालाच चिकटतात. 'घरातल्यांनासुद्धा' हा आपला एक शब्द, पण त्यात चार-पाच इंग्रजी शब्दांचा ऐवज आहे. त्यामुळं मराठी वाचकानं मिनिटाचे शब्द मोजून स्वतःला मंद ठरवणं अगदीच निराधार आहे.

देवनागरीची स्वतःची गंमत आणखी वेगळी आहे. आपली अक्षरं एका सरळ रांगेत बसत नाहीत. मात्रा वर जाते, उकार खाली जातो, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. पहिली वेलांटी तर व्यंजनाच्या आधी लिहायची आणि नंतर उच्चारायची. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता या संशोधकांनी हिंदी वाचणाऱ्यांवर प्रयोग करून २००२ मध्ये दाखवलं, की अशी वेलांटी असलेले शब्द वाचून उच्चारायला किंचित जास्त वेळ लागतो. लिहिण्याचा क्रम आणि बोलण्याचा क्रम जुळत नाही, तिथं मेंदूला ते जुळवून घ्यावं लागतं. लिपी तीच असल्यामुळं मराठी वाचकालाही हे काम चुकत नसणार. पहिलीतलं मूल 'किती' आणि 'कीती' यांत अडखळतं, तेव्हा त्याला रागावण्यापूर्वी हे आठवावं.

पण आपल्या वाचनाचा खरा कायापालट झाला तो लिपीतल्या एका साध्या गोष्टीनं, दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेनं. बासनातली जुनी हस्तलिखित पोथी उघडून पाहिली तर ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अक्षरं सलग लिहिलेली दिसतात. शब्द कुठं संपला हे लिहिणारा सांगत नाही. ते वाचणाऱ्याच्या जिभेला आणि कानाला ठरवायचं असतं. त्यामुळं पोथी मोठ्यानं वाचायची, ही भक्तिभावापुरती गोष्ट नव्हती. डोळ्याला न दिसणारे शब्द आवाजानं सुटे होत, आणि ओवीचा ताल त्या कामात मदत करी. युरोपातही हेच होतं. ग्रीक आणि रोमन पुस्तकं बहुधा सलग लिहिलेली असत. सातव्या-आठव्या शतकात आयर्लंडमधल्या भिक्षूंनी लॅटिन लिहिताना शब्दांमध्ये जागा सोडायला सुरुवात केली. लॅटिन ही त्यांची बोली नव्हती. परकी भाषा वाचायची तर शब्द सुटे दिसायला हवेत, ही त्यांची गरज होती. पॉल सेंगर या अभ्यासकानं १९९७च्या आपल्या ग्रंथात असं मांडलं, की या मोकळ्या जागेमुळंच युरोपात मूक वाचन सर्रास झालं.

मूक वाचनाबद्दल एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. चौथ्या शतकाच्या अखेरीस मिलानमध्ये बिशप अँब्रोज डोळ्यांनीच वाचत असे, आवाज काढत नसे, आणि त्याला भेटायला येणाऱ्या ऑगस्टीनला याचं नवल वाटलं. यावरून प्राचीन काळी कुणालाच मनात वाचता येत नव्हतं, असं सांगायची पद्धत पडली. पुढच्या अभ्यासकांनी ती खोडून काढली. मनात वाचणारी माणसं ग्रीसमध्येही होती. ऑगस्टीनला नवल वाटलं ते बहुधा याचं, की भेटायला आलेले लोक समोर बसले असताना हा माणूस त्यांना ऐकू येईल असं वाचत नाही. सोबतीला कुणी असताना स्वतःपुरतं वाचणं हे थोडं शिष्टाचाराबाहेरचं होतं. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडेही तो फार उशिरापर्यंत खरा होता.

चातुर्मासात वाड्याच्या ओसरीवर 'हरिविजय' किंवा 'पांडवप्रताप' लावला जाई, तेव्हा वाचणारा एक असे आणि ऐकणारी सगळी आळी. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांचाही तो ग्रंथ होई. एकट्यानं, आणि त्यातही बाईनं एकटीनं, कोपऱ्यात बसून वाचणं मात्र संशयास्पद होतं. रमाबाई रानडे १८७३ मध्ये वयाच्या अकराव्या वर्षी लग्न होऊन पुण्याला आल्या आणि महादेव गोविंद रानड्यांनी त्यांना शिकवायला घेतलं. घरातल्या बायकांनी त्यांना किती घालूनपाडून बोलून घेतलं, हे त्यांनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात विस्तारानं लिहिलं आहे. घरात पोथी ऐकायला बसणाऱ्या बायकांना रमाबाईंच्या हातातलं पुस्तक सोसत नव्हतं, कारण ते सगळ्यांचं नव्हतं. ते तिचं एकटीचं होतं. आज जेवणाच्या ताटाशेजारी पुस्तक ठेवणाऱ्या मुलीला आई ओरडते, त्या ओरडण्यात या जुन्या अस्वस्थतेचा अंश शिल्लक आहे, असं मला वाटतं.

पुन्हा पुन्हा वाचण्याची सवयही याच इतिहासातून समजते. जर्मन इतिहासकार रोल्फ एंगेलसिंग यांनी असं मांडलं होतं, की अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत युरोपातल्या घरात बायबल, पंचांगासारखं एखादं पुस्तक आणि प्रार्थनेची वही एवढंच असे आणि लोक तेच जन्मभर वाचत. मग कादंबऱ्या आणि नियतकालिकं आली, आणि लोक एकदा वाचून पुढच्या पुस्तकाकडे वळू लागले. थोडी पुस्तकं खोल वाचणं मागं पडून पुष्कळ पुस्तकं भरभर वाचणं पुढं आलं. ही मांडणी फार ठोकळेबाज आहे, अशी टीका तिच्यावर झाली आणि ती रास्तही आहे. रूसोच्या कादंबरीवर जीव टाकून तिची पारायणं करणारे वाचक त्याच शतकात होते.

महाराष्ट्रात हा बदल एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, दोनेक पिढ्यांत घडलेला दिसतो. त्याआधी वाचायचं म्हणजे पारायण करायचं. 'ज्ञानेश्वरी'चे अठरा अध्याय, नऊ हजारांवर ओव्या, सात दिवसांचा सप्ताह, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. 'तू ज्ञानेश्वरी वाचलीस का' हा प्रश्न त्या जगात निरर्थक होता, कारण ती वाचून संपवायची गोष्टच नव्हती. मग १८५७ साली बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' आलं, १८६१ मध्ये लक्ष्मणशास्त्री हळब्यांची 'मुक्तामाला' आली. १८९० मध्ये हरि नारायण आपट्यांचं 'करमणूक' साप्ताहिक सुरू झालं आणि त्यात 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. तिच्यातल्या यमूचं पुढं काय झालं, हे कळायला आठवडाभर थांबायचं. वाचकाची उत्सुकता एका तारखेला बांधली गेली. १९०९ मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'नं दिवाळी अंक काढला आणि वाचायच्या ऐवजाचा वर्षाकाठी एक पूरच यायला लागला. 'सगळं वाचून होत नाही' ही तक्रार मराठीत तेव्हापासूनची असावी.

या पुराच्या काळातही जुनं पुस्तक परत काढणारा माणूस नेमकं काय करत असतो? क्रिस्टेल रसेल आणि सिडनी लेव्ही या दोन अभ्यासकांनी अशा लोकांच्या दीर्घ मुलाखती घेतल्या आणि निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. पुस्तक पुन्हा वाचणारे, सिनेमा पुन्हा पाहणारे, जुन्या ठिकाणी पुन्हा जाणारे असे सगळे त्यात होते. ही माणसं केवळ सवयीनं किंवा आठवणींच्या ओढीनं परत जात नव्हती. पुस्तक स्थिर होतं आणि ती बदललेली होती. किती बदललो, हे त्या स्थिर गोष्टीशेजारी उभं राहून त्यांना कळत होतं.

मराठी वाचकाला याचा पुरावा बाहेर शोधावा लागत नाही. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ मध्ये आली, तेव्हा लेखक पंचविशीत होता. विशीत ती वाचणारा तिच्या नायकाच्या, पांडुरंग सांगवीकरच्या बाजूनं उभा असतो. वडिलांचा पैसा, वडिलांची शेती, वडिलांचा धाक या साऱ्याविरुद्ध त्याच्या मनात तेच धुमसत असतं. तोच वाचक पन्नाशीत, स्वतःचा मुलगा होस्टेलवर असताना ती पुन्हा उघडतो, तेव्हा गावाकडून पैसे पाठवणारा बाप त्याला प्रथमच नीट दिसतो. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली पाच दिवसांत लिहिलेली 'श्यामची आई' मुलांना आईच्या मायेची वाटते. मोठेपणी तिच्यात एका खालावत चाललेल्या घराचं कर्ज दिसतं, दारात येणारा सावकाराचा माणूस दिसतो, कोकणातल्या खोती वतनाचा शेवट दिसतो. हे सारं पुस्तकात पहिल्यापासून होतं. दहा वर्षांच्या वाचकाला कर्ज म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, एवढंच. म्हणून 'नवं वाचायचं सोडून तेच काय वाचतोस' असं कुणी म्हटलं तर मी पुन्हा वाचणाऱ्याच्या बाजूची आहे.

शेवटचं पान आधी वाचणाऱ्यांना सर्वांत जास्त बोलणी खावी लागतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेत जोनाथन लेविट आणि निकोलस ख्रिस्टेनफेल्ड यांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. बारा लघुकथा घेतल्या. काहींत शेवटी कलाटणी होती, काही रहस्यकथा होत्या, काही शांत वळणाच्या साहित्यिक कथा. वाचणाऱ्यांतल्या काहींना शेवट आधीच सांगून टाकला. ज्यांना शेवट माहीत होता, त्यांनी कथेला सरासरीनं जास्त गुण दिले. पुढं इतरांनी केलेल्या काही प्रयोगांत उलट निकाल आले, त्यामुळं 'शेवट कळल्यानं मजा वाढते' असा नियम करता येणार नाही. पण शेवट कळला म्हणजे पुस्तक फुकट गेलं, हा समजही तेवढाच कच्चा आहे.

मराठी कादंबरीचा इतिहास तर या समजाच्या पूर्ण विरोधात उभा आहे. रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ साली आली. माधवराव पेशवे १७७२ मध्ये ऐन तारुण्यात क्षयानं गेले आणि त्यांच्या पत्नी रमाबाई सती गेल्या, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक होतं. १९६७ मध्ये आलेल्या शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये कर्ण मरणार, हे पहिल्या पानाआधीच माहीत होतं. विश्वास पाटलांच्या 'पानिपत'चा शेवट तर आपल्या बोलीत रोज वावरतो. तरी या कादंबऱ्यांच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. 'काय होणार' हा प्रश्न मिटलेला असला की वाचक 'कसं होणार' आणि 'का टळलं नाही' याकडे मोकळा होतो. कीर्तनात आख्यान ऐकायला बसलेली माणसं पिढ्यानपिढ्या हेच करत होती. सीता परत येणार का, या काळजीनं कुणी बसत नव्हतं.

शेवट आधी पाहण्यामागं आणखी एक कारण असतं, आणि ते जेनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासिकेनं १९८४च्या आपल्या पुस्तकात टिपलं आहे. तिनं अमेरिकेतल्या एका गावातल्या, प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या गृहिणींशी बोलून त्यांच्या वाचनाचा अभ्यास केला. शेवट दुःखाचा निघण्याची भीती वाटली की त्यांतल्या काहीजणी तो आधी पाहून घेत. दिवसभर दुसऱ्यांचं करून थकलेल्या बाईला तासाभराचा निवांतपणा मिळतो. तो रडवून जाणार नाही, याची तिला खात्री हवी असते. त्यांच्यासाठी पुस्तक उघडणं हाच एक निरोप होता, की हा वेळ माझा आहे, आता मला हाक मारू नका. अशा पुस्तकांना उथळ म्हणणाऱ्या कित्येकांनी ही बाजू कधी पाहिलेलीच नव्हती.

यातून आवडीनिवडीच्या प्रश्नाकडे जावंच लागतं. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्द्यू यांनी १९७९च्या 'ला दिस्तँक्सियाँ' या ग्रंथात दाखवून दिलं, की आपण जिला स्वतःची खास आवड म्हणतो, तिच्यावर घरची सांपत्तिक स्थिती आणि शिक्षण यांची गडद छाप असते. 'मला अमुक लेखक आवडतो' असं सांगताना माणूस आपली जागाही सांगत असतो. पुढं १९९०च्या दशकात रिचर्ड पीटरसन यांनी अमेरिकन श्रोत्यांच्या संगीताच्या आवडी तपासल्या तेव्हा वेगळंच दिसलं. वरच्या थरातले लोक केवळ अभिजातच ऐकतात असं राहिलं नव्हतं, ते सगळंच ऐकू लागले होते. मराठी वाचकांत हे सर्वभक्षीपण फार आधीपासून होतं, आणि त्याचं श्रेय मी वाचनालयांना देते.

रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ मधलं. पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ मधलं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये आणि मुंबईचं १८९८ मध्ये सुरू झालं. पुढं १९६७ मध्ये महाराष्ट्रानं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, आणि आज राज्यात शासनमान्य ग्रंथालयांची संख्या अकरा हजारांच्या वर आहे. त्याशिवाय गल्लीबोळांतली, अनामत रक्कम आणि महिन्याच्या वर्गणीवर चालणारी छोटी वाचनालयं. अशा वाचनालयात एकाच फडताळात वर बाबूराव अर्नाळकर आणि खाली वि. स. खांडेकर असत. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय या त्यांच्या नायकांच्या मागं कित्येक मुलं वाचायला शिकली. वाक्यावरून वाक्यावर न अडखळता जाण्याचा सराव लागतो तो हजारो पानं वाचून, आणि हजारो पानं माणूस ओढीशिवाय वाचत नाही. तो सराव अर्नाळकरांनी दिला आणि त्याचा लाभ पुढं इतर लेखकांना झाला.

ग्रंथालयशास्त्राचे आपल्याकडचे आद्य पुरुष एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये पाच नियम मांडले. त्यांतला दुसरा आणि तिसरा एकत्र वाचण्यासारखा आहे. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, असा त्यांचा आशय. या नियमांत चांगलं पुस्तक आणि हलकं पुस्तक अशी वर्गवारी कुठंही नाही. वाचनालयाच्या काउंटरवरची जाणती व्यक्ती हा नियम रोज पाळत असते. मागच्या वेळी काय नेलं होतं, ते आवडलं की दोन दिवसांत परत आलं, एवढ्यावरून ती पुढचं पुस्तक हातात ठेवते.

दोन दिवसांत परत येणारं पुस्तक, म्हणजेच अर्धवट सोडलेलं पुस्तक. पुस्तक पुरं न करणं ही खोड किती सार्वत्रिक आहे याचा अंदाज २०१४ मध्ये गणिती जॉर्डन एलनबर्ग यांनी गमतीनं बांधला. किंडलवरच्या वाचकांनी सर्वाधिक अधोरेखित केलेली वाक्यं पुस्तकात सरासरी कुठवर पोचतात, ते त्यांनी पाहिलं. वाचकांनी शेवटपर्यंत वाचलं असेल तर खुणा सगळीकडे पसरलेल्या असणार. स्टीफन हॉकिंग यांच्या काळाच्या इतिहासावरच्या जगप्रसिद्ध पुस्तकात हा आकडा निघाला ६.६ टक्के. ही शास्त्रीय मोजणी नव्हे, असं त्यांनी स्वतःच बजावलं होतं.

कंटाळा आला तरी पुस्तक ओढत राहण्यामागं मनाची एक जुनी चूक असते. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लुमर यांनी १९८५ मध्ये ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहातला एक प्रयोग प्रसिद्ध केला. हंगामाची तिकिटं घ्यायला आलेल्यांपैकी काहींना, कोणताही क्रम न लावता, सवलत दिली. पूर्ण पैसे भरलेल्यांनी हंगामाच्या पूर्वार्धात जास्त नाटकं पाहिली. नाटकं सगळ्यांना तीच होती, पण आधी गेलेले पैसे त्यांना खेचत होते. पुस्तकात पैशाबरोबर वाचलेली दोनशे पानंही खेचतात. वाचनालयातलं पुस्तक सोडणं सोपं जातं आणि विकत घेतलेलं सोडवत नाही, ते यामुळंच. फ्रेंच लेखक दानिएल पेनाक शिक्षकही होते. त्यांनी १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क मांडले. पानं गाळण्याचा, पुस्तक पुरं न करण्याचा, पुन्हा वाचण्याचा आणि मुळीच न वाचण्याचाही हक्क त्यांत आहे. पौगंडावस्थेतली मुलं पुस्तकापासून का पळतात, हे वर्गात पाहून त्यांनी ही यादी केली होती.

मी एवढीच भर घालीन, की सोडणं आणि नाकारणं यांत गल्लत करू नये. काही लेखकांची चाल अंगवळणी पडायला तीस-चाळीस पानं लागतात. काही पुस्तकांसाठी आपलं वय व्हावं लागतं. सोडलेलं पुस्तक घरातून काढून टाकायची घाई नको.

कागद की पडदा, हा वाद आता जवळजवळ प्रत्येक गप्पांत येतो. त्यावर पाब्लो देल्गादो आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ५४ अभ्यास आणि १ लाख ७० हजारांहून अधिक वाचकांची माहिती एकत्र केली. माहितीपर मजकूर कागदावर थोडा जास्त चांगला समजतो, आणि वेळेची घाई असेल तर हा फरक वाढतो. गोष्ट वाचताना मात्र कागद आणि पडद्यात तसा फरक दिसला नाही. नव्या पिढीबरोबर हा फरक मिटेल अशी अपेक्षा होती, पण २००० ते २०१७ या काळात तो उलट वाढलेला आढळला. पडद्यावर आपण जे बहुतेक वेळा करतो, म्हणजे वरवर नजर फिरवत पुढं सरकणं, ती सवय तिथल्या गंभीर वाचनातही शिरत असावी, असा एक तर्क आहे. मोबाइलवर कादंबरी वाचणाऱ्यानं म्हणून वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. करार, औषधाची माहिती किंवा परीक्षेचा धडा मात्र शक्य तर छापून वाचावा.

आणि ऐकणाऱ्यांचं काय? 'ऐकलं म्हणजे वाचलं का' हा प्रश्न हल्ली बराच तापतो. बर्कलीच्या फातमा देनिझ आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये एक छोटा पण नेमका प्रयोग प्रसिद्ध केला. नऊ जणांनी त्याच गोष्टी एकदा ऐकल्या आणि एकदा वाचल्या, आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूची चित्रं घेतली. शब्दांचे अर्थ मेंदूत जिथं जिथं नोंदवले जातात, ते नकाशे दोन्ही वेळा जवळजवळ सारखे निघाले. अर्थापाशी पोचल्यावर मेंदू तो कानानं आला की डोळ्यानं, हा भेद फारसा ठेवत नाही. ओसरीवर 'हरिविजय' ऐकणाऱ्या बायकांना हे ऐकून नवल वाटलं नसतं.

फरक उरतो तो मागं जाणाऱ्या उडीचा. डोळा पाव सेकंदात मागच्या शब्दावर जाऊन येतो. कानाला ती सोय नाही. फोन हातात घ्या, पंधरा सेकंद मागं घ्या, हवी ती जागा शोधा, एवढं करेपर्यंत विचाराचा धागा सुटतो. पोथीला ही अडचण नव्हती, कारण ओवी पुन्हा म्हटली जाई आणि निरूपण करणारा मध्येच थांबून अर्थ सांगे. म्हणून चालताना, भाजी निवडताना, लोकलमध्ये उभ्यानं ऐकायला कथा, आत्मचरित्र, प्रवासवर्णन ही उत्तम. वाक्यागणिक थांबायला लावणारं पुस्तक, इरावती कर्व्यांच्या 'युगान्त'सारखं, आधी डोळ्यांनी वाचावं आणि मग हवं तितक्यांदा ऐकावं.